तेलमावशीचा शनिवार

पोलादपूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले त्या दिवशी माझ्या पिशवीत कामांची यादी होती. शाळेत हजर होणे, खोली बघणे, स्टोव्ह आणि घागर घेणे, महाडला घरी निरोप पाठवणे. खोली सोडून सगळं दुपारपर्यंत उरकलं. एकट्या मुलीला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. शेवटी शाळेचा शिपाई डोकं खाजवत म्हणाला, "एक जागा हाय बाई. पण शनवारी तिथं कायबी मागायचं नाय."

अशी मी तेलमावशीकडे राहायला गेले. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मावशी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, अंगाने आडवी, नऊवारी नेसलेली, आणि तळहात कायम तेलाने चकचकीत. खोलीचं भाडं, दिवाबत्ती, पाणी यांबद्दल मी विचारायचे प्रश्न मनात जुळवून गेले होते. तिने मला एकही विचारू दिला नाही. तिनेच विचारलं, कोलंबी खातेस का? मी हो म्हटलं. "खा. पण बाहेर खा. खवले नसलेली मासळी या उंबऱ्याच्या आत येत नाय." मग विचारलं, भांडं वापरल्यावर लगेच धुतेस का? मी पुन्हा हो म्हटलं, आणि खोली मिळाली.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू होती. कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणतात. धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी बोट फुटून किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. मला कुठलीही गोष्ट साल-तारखेशिवाय पटत नाही, म्हणून मी विचारलं, नेमकं कधी?

"तेव्हा मी नव्हते गो," ती म्हणाली. "पण बोट फुटली ते बरं झालं. नायतर तू आज खोलीबिगर."

घरामागच्या शेडमध्ये तिचा घाणा होता. जमिनीत पुरलेलं लाकडाचं भलंमोठं खोड, त्यात फिरणारी लाकडी दांड्याची लाट आणि ती ओढणारा झापडं बांधलेला बैल. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घाणा तीच चालवत होती. आंबेनळी घाटाच्या बाजूच्या डोंगरवाड्यांमधून माणसं कारळे आणि तीळ घेऊन उतरायची, तेल भरून न्यायची. मावशी मजुरी म्हणून पेंड ठेवून घ्यायची. या व्यवहारात तिचे नियम कडक होते. कोणाचाही बुधला हातात आला की आधी नाकाला लावायची. आत जुन्या तेलाचा वास आला तर तो जसाच्या तसा मालकाच्या हातात. मालक कोण आहे हे ती बघायची नाही. एकदा फौजदारांचा डबा परत गेला होता, तेव्हा गाव दोन दिवस गप्प होतं.

दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक बारीक पत्र्याची नळी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातलं वचन. येता-जाता मावशी तिला बोटं लावून ओठांना टेकवायची. वाड्यांवरची माणसंही तेलाला आली की तसंच करायची. नळीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मावशीच्या उंबऱ्यात शिरताना असंच करतात, एवढं ठाऊक होतं. मलाही सवय लागली. बदली होऊन मी दुसऱ्या गावी गेले तरी कितीतरी दिवस माझा हात रिकाम्या चौकटीकडे जायचा.

वर्षातून एकदा ती नवसाचा मलिदा करायची. गुळाचे पोहे, खोबरं, फळं, सगळं मोठ्या ताटात रचायचं आणि एलियाहू पैगंबराचं नाव घ्यायचं. मग आळीतल्या प्रत्येक घरी पानावर वाढून पाठवायचं. मार्चमध्ये चवदार तळ्याच्या मेळाव्याला महाडकडे पायी निघालेली माणसं दुपारी तिच्या ओट्यावर टेकायची आणि तिच्याच माठातलं पाणी पिऊन पुढे जायची. तिथे वेगळा पेला नव्हता. यावर कोणीतरी नाक मुरडलं, तेव्हा मावशी त्याच पेल्यातून स्वतः पाणी प्यायली आणि तिने पेला पालथा घातला. एवढ्यावर तो विषय संपला.

आता शनिवारबद्दल. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तिचा स्वयंपाक तयार, पाणी भरलेलं, काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावलेला. त्यानंतर शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत ती कामाला हात लावायची नाही. चूल नाही, घाणा नाही, विक्री नाही, लिहिणं नाही. दिवसभर ओट्यावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. पेल्यातला दिवा कधी मध्येच विझायचा. मग ती माझ्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, "दिवा लाव असं मी तुला सांगणार नाय. काळोख झालाय, एवढं सांगते."

शनिवारी तेल मिळत नाही, म्हणून वाड्यांवरची माणसं शुक्रवारी उतरायची. हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनचं. शुक्रवारी खाली यायचं, तेल घ्यायचं, मीठमिरची घ्यायची, वर जायचं. शनिवारी डोंगरावरून कोणी उतरायचंच नाही. बैलांचीसुद्धा तीच गत. घाण्याचा एक म्हातारा बैल तिने वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याला दिला होता. महिन्याभराने तो तक्रार घेऊन आला, की बैल चांगला आहे, पण आठवड्यातून एक दिवस उठत नाही. मावशीने विचारलं, कुठल्या दिवशी? तो म्हणाला, शनवारी. मावशी म्हणाली, "मग तक्रार कसली? माझ्या घरचा हाय तो."

आता जी गोष्ट सांगायची ती तिच्या मुलाच्या जाण्यापासून सुरू होते. पोलादपूर-महाड भागात शनवार तेल्यांची थोडी घरं होती. इस्रायल देश झाल्यावर एकेक करून ती मुंबईला आणि तिथून बोटीने निघून गेली. मी यायच्या आदल्या वर्षी तिचा एकुलता मुलगा, तोही गेला. मुंबईत गिरणीत फिटर होता, तिकडे चांगलं काम मिळत होतं. मावशी त्याला पोचवायला बंदरावर गेली. गावाने गृहीत धरलं, की तीही गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने ती परत आली, तेव्हा परसातल्या शेवग्याला एक शेंग उरली नव्हती. कोंबड्या एका घरी, घोंगडी दुसऱ्या घरी. शेजारीण तिच्या आठवणीने रडत होती, आणि रडत रडत तिच्याच पाट्यावर वाटण वाटत होती. मावशी तिच्या मागे उभी राहून म्हणाली, "तुझं रडून झालं की पाटा आणून दे." मग घरोघर फिरून तिने एकेक वस्तू परत आणली. शेंगा ज्यांनी खाल्ल्या त्यांच्याकडे बसून आमटीच खाऊन आली.

गावात ही गोष्ट हसून सांगायचे. मीही हसले. पण तिच्या फळीवर नातवाचा फोटो होता, तिकडे जन्मलेला, जावळ भरपूर. भांडी लावताना ती त्या फोटोसमोर थांबायची. एकदा मला विचारलं, तिकडं खोबरेल मिळत असेल का गो, त्याच्या डोक्याला कोण लावत असेल? मी म्हटलं, मावशी, जावंसं वाटतं का? तिने फोटो पदराने पुसला.

"पोरगा तिथला झाला, चांगलं झालं. मी इथली हाय. त्यात माझं काय चुकलं?"

एरवी जाणार की राहणार, हे तिला कोणी विचारलंही नसतं. पण मी आले त्या वर्षी गावात लॉरी-स्टँडची कल्पना निघाली. हमरस्त्यालगत जागा हवी होती, आणि मावशीच्या घाण्याची शेड गावठाणाच्या जमिनीवर नेमकी तिथे होती. कल्पना खोतदादांची. खोती कायद्याने गेली होती, पण गावाने दादांना खोतच ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता: शनवार तेली सगळे गेले, ही बाईही आज ना उद्या जाणार, मग शेड रिकामी व्हायची वाट कशाला बघायची? पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. खोतदादा आमच्या वॉर्डातून उभे होते. ते निवडून आले की शेड जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मावशीने महाडला जाऊन चौकशी केली आणि त्याच वॉर्डातून स्वतः अर्ज भरला. आमच्या वॉर्डात बाजारातली घरं होती आणि वरच्या वाड्याही. तिला निशाणी मिळाली कंदील. शनिवारी कंदील न लावणाऱ्या बाईला कंदील, म्हणून बाजारात हशा पिकला. मग मतदानाचा दिवस जाहीर झाला, आणि खोतदादांच्या माणसांना खरं हसू फुटलं. दिवस शनिवारचा होता.

मी कागद घेऊन बसले आणि परिस्थिती मांडली. शनिवारी मावशी घराबाहेर पडून मतं मागणार नाही. गाडीघोडं करणार नाही. आणि ज्यांच्या भरवशावर ती उभी होती ती वाड्यांवरची माणसं शनिवारी डोंगर उतरतच नाहीत. मी तिला म्हटलं, वाड्यांवर जाऊन सांगायला हवं, की या शनिवारी या. ती म्हणाली, "शनवारी येऊ नका असं मी त्यांना कधी सांगितलं होतं? तेव्हा आता या असंबी नाय सांगणार."

मतदानाच्या आदल्या आठवड्यात मारुतीच्या देवळापाशी सभा झाली. खोतदादा चांगले बोलायचे. बाईंचं आणि आपलं काही वैर नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या माणसांना इतक्या वर्षांनी स्वतःचा देश मिळाला, याचा आपल्याला आनंदच आहे, असंही म्हणाले. पण जी व्यक्ती जाणार आहे तिच्या हाती गावचा कारभार कसा द्यायचा, हा विचार मतदारांनी करावा.

मावशी पाराच्या कडेला उभी होती. तिथूनच म्हणाली, "दादा, माझा देश मला मिळाला म्हंतोस. हरवला कधी होता रे?"

लोक हसले. टाळ्याही पडल्या. पण गर्दीत वरच्या वाडीतला एक म्हातारा बसला होता, तोच, ज्याच्याकडे शनिवारी न उठणारा बैल होता. तो हसला नाही. त्याने उभं राहून विचारलं, "मावशे, ते ऱ्हाऊं दे. तू जाणार हायस का नाय, ते सांग."

मावशीने न जाण्याची शपथ घ्यावी, असं मला मनापासून वाटलं. त्या एका वाक्याने काम झालं असतं. पण मुलगा, नातू, समुद्रापलीकडचं घर, यांच्यावर पाणी सोडल्यासारखी शपथ तिच्या तोंडून आली नाही. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी तेल न्यायला ये. कळंल तुला."

म्हातारा मान हलवत खाली बसला. त्याला पटलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मग तो शुक्रवार आला. कारळ्याचा हंगाम होता, वाड्यांवरून माणसं येण्याचे ऐन दिवस. मावशीने पहाटेच बैल जुंपला, डबे भरून ठेवले, ओटा झाडला. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ओटा तसाच स्वच्छ होता. वाड्यांवरून एकही माणूस आला नव्हता. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. शेजारणी म्हणत होत्या, खोतदादांची माणसं वर जाऊन आली, मावशी जाणार असं सांगून आली. तिने भरलेल्या डब्यांवर झाकणं लावली, वेळेवर दिवा लावला आणि म्हणाली, "तो म्हातारा म्हणाला होता ना, सांग म्हणून. त्यानेच न येऊन सांगितलं बघ."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी मतदान सुरू झालं. तिच्याच घरी राहते म्हणून मला निवडणुकीच्या कामातून वगळलं होतं. मी पहिल्या रांगेत मत देऊन आले आणि मावशीला म्हटलं, आता तू चल. ती म्हणाली, चिठ्ठीवर शिक्का मारायचा असतो ना? मी हो म्हटलं. मग नाय, ती म्हणाली, शिक्का मारणं म्हणजे कामच. मी समजावलं, एका मताने निवडणुका जातात. तिने मला शांतपणे सांगितलं, की एका शिक्क्यासाठी शनिवार मोडला तर तो जाणार असलेल्या बाईचा शनिवार होईल. मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

थोड्या वेळाने खोतदादा स्वतः आले. ओट्यासमोर उभे राहून म्हणाले, बाई, मत देऊन या, कोणी काही म्हणणार नाही. मावशीने विचारलं, "तुला देऊ का?" तेही हसले आणि निघून गेले.

नऊच्या सुमाराला घाटाच्या बाजूने माणसं दिसायला लागली. आधी मला वाटलं, कुणाकडे लग्न असेल. मग जवळ आली तसे हातांतले बुधले दिसले. बरण्या, पत्र्याचे डबे, काथ्याला बांधलेल्या बाटल्या, आणि डोक्यांवर कारळ्याची पोती. सगळ्यांत पुढे तो म्हातारा. त्याने ओट्यावर पोतं टेकवलं, बुधला ठेवला, चौकटीच्या नळीला बोटं लावून ओठांना टेकवली.

"मावशे, या आठवड्याला दोनदा कोण उतरतो? मत आज टाकायचं होतं, म्हणून काल नाय आलो. तुझा शनवार हाय, हात लावू नको. उद्या गाळ. पुढच्या शुक्रवारी नेऊ."

मावशीने पोत्याकडे बघितलं. ते वर्षभराचं तेल होतं. ज्याला तेल गाळून हवंय तो माणूस आपलं पोतं गाव सोडून जाणाऱ्याच्या ओट्यावर ठेवत नाही. तिने विचारलं, एवढं पुरं पोतं ठेवतोस?

"तू हायस ना?" तो म्हणाला.

"हाय."

मग तो मत द्यायला गेला. त्याच्या मागून बाकीचे. दुपारपर्यंत ओटा भरला, मग पायऱ्या भरल्या, मग शेडच्या कडेला रांग लागली. महाडला जाताना तिच्या माठाचं पाणी पिणारी माणसंही आली, त्यांनीही डबे ठेवले. बाजारातल्या बायका मत देऊन परतताना घरी जाऊन आपापली भांडी घेऊन आल्या. पोलादपुरात शनिवारी एवढी गर्दी कोणी बघितली नव्हती. मावशी मधोमध हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि प्रत्येकाला बजावत होती, की आज मी कशालाही हात लावणार नाय. लोक म्हणत होते, "माहीत हाय गो, माहीत हाय."

आता मला सकाळचं तिचं बोलणं कळलं. तिने शनिवार पाळला म्हणूनच ही माणसं शुक्रवारी तिच्याकडे उतरत आली होती. त्यांचा आठवडा तिच्या दिवसावर बसलेला होता.

मतमोजणी शाळेतच झाली. ऊन उतरता उतरता ढोल वाजत आमच्या आळीकडे वळला, आणि कोणी काही सांगायच्या आधी आम्हाला निकाल कळला. मावशी चांगल्या मतांनी निवडून आली होती, स्वतःचं मत न देता. पोरांनी गुलाल आणला आणि थबकली. शनिवारी लावला तर चालतो का, कोणाला माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, मी कुठं लावतेय, लावणार तुम्ही. एका क्षणात तिचे पांढरे केस गुलाबी झाले. पण भाषण कर म्हटल्यावर ती जागची उठली नाही. तिची नजर आभाळाकडे होती.

खोतदादा हार घेऊन आले. हरलेल्या माणसाने पहिला हार घालायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. गर्दीने वाट दिली. ते ओट्याखाली थांबले, कारण मावशीने हाताने त्यांना थांबायची खूण केली होती. सगळे तिच्याबरोबर आभाळाकडे बघू लागले. एक चांदणी आधीच होती. डोंगराच्या वर दुसरी दिसली. तिसरीला जरा वेळ लागला.

ती दिसली तशी मावशी उठली, पदर खोचला आणि ओट्यावरच्या सगळ्यात जवळच्या भांड्याला हात घातला. तो पितळेचा, कडीचा, जुना डबा होता. तिने झाकण काढलं, नाकाला लावला आणि कपाळाला आठी घातली. मग डबा फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचायला माझ्याकडे दिला. मी वाचलं. डबा खोतांच्या घरचा होता. दुपारच्या गर्दीत खोतीणबाईंनी तो कोणाच्या तरी हाती पाठवला होता.

मावशीने तो माझ्या हातून घेतला आणि खोतदादांसमोर धरला.

"दादा, हा तुमच्या घरचा. धुतलेला नाय. धुवून आण, मग भरते."

खोतदादांनी डब्याकडे बघितलं, त्यावरच्या आपल्या आजोबांच्या नावाकडे बघितलं. मग त्यांनी हार मावशीच्या हातात दिला, डबा काखेत धरला आणि गुलालाच्या गर्दीतून घराकडे गेले.

आम्ही बैल जुंपत होतो तेवढ्यात डबा परत आला. चिंचेने घासलेला, लखलखीत. मावशीने तो पुन्हा नाकाला लावला, मान डोलावली आणि रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला.